वाचकांचे प्रश्न : दप्तरात नाव सापडत नाही तेव्हा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीची आहेत. जुनी कागदपत्रे आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात असे वाचकांनी ऐकलेले असते. ते एखाद्या पुराभिलेखाच्या संकेतस्थळावर जातात, हव्या असलेल्या व्यक्तीचे नाव टाइप करतात, आणि हाती काहीच लागत नाही. त्यांतील सात पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न (एक शिक्षिका, कोल्हापूर) : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी शाळेच्या वार्षिकासाठी लेख लिहीत आहे. मराठीतील चरित्रे वाचली. परंतु त्या अमेरिकेत असतानाचे मूळ कागद स्वतः पाहावेत अशी इच्छा आहे. दोन-तीन अमेरिकन डेटाबेसमध्ये त्यांचे नाव इंग्रजीत घालून पाहिले, तर अलीकडचे लेख तेवढे मिळाले. मूळ कागद उरलेच नाहीत का?

उत्तर : कागद उरले आहेत, आणि त्यांतील काही आपल्याला कोल्हापुरात बसून पाहता येतील. अडचण स्पेलिंगची आहे. आज आपण 'जोशी' हे आडनाव इंग्रजीत लिहिताना शेवटी 'आय' लावतो. आनंदीबाई शेवटी दोन 'ई' लावत, आणि अमेरिकेतील तत्कालीन कागदांत तेच रूप आढळते. पहिले नाव तेथे कधी 'आनंदीबाई', तर कधी 'आनंदाबाई' असे उमटले आहे. कॅरोलाइन हीली डॉल यांनी लिहिलेल्या आणि १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी चरित्राच्या शीर्षकात 'आनंदाबाई' आहे, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्यांना अमेरिकेत आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत जेथे त्यांची रक्षा ठेवली आहे, तेथील दगडावरही 'आनंदाबाई' असेच कोरलेले आहे. म्हणून पहिला शोध पहिल्या नावाशिवाय घ्यावा : जे-ओ-एस-एच-ई-ई एवढे आडनाव आणि सोबत फिलाडेल्फिया हे गाव.

दुसरी गोष्ट संस्थेची. आनंदीबाई ज्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामधून ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेऊन बाहेर पडल्या, ते महाविद्यालय त्या नावाने आज अस्तित्वात नाही. १८५० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेची नावे बदलत गेली, पुढे ती दुसऱ्या वैद्यकीय संस्थेत विलीन झाली, आणि तिची कागदपत्रे आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहात आहेत. हे ठाऊक नसेल, तर माणूस बंद झालेल्या संस्थेच्या नावामागे भटकत राहतो. जुन्या व्यक्तीचा शोध घेताना ती ज्या शाळेत, कचेरीत किंवा इस्पितळात होती, त्या जागेचे दप्तर आज कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी ठरवावे. व्यक्तीचे नाव त्यानंतर टाइप करावे.

ड्रेक्सेलच्या त्या संग्रहातील आनंदीबाईंचे जून १८८३ मधील एक पत्र आपण अवश्य वाचावे. अमेरिकेत पोहोचून महिनाही झाला नव्हता तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल येथून त्यांनी ते महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लिहिले. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत मिळावी म्हणून आपण आलो आहोत, असे अठरा वर्षांची ती मुलगी परक्या भाषेत, परक्या माणसाला, कोठेही न डगमगता सांगते. मी ते पत्र पहिल्यांदा पडद्यावर पाहिले, त्या दिवशी पुढचे काम होऊ शकले नाही. चरित्रांतून आपल्याला ठाऊक असलेली आनंदीबाई आणि त्या पत्रातून बोलणारी आनंदीबाई यांत जे अंतर आहे, ते मूळ कागद पाहिल्याखेरीज कळत नाही.

तिसरा मार्ग आजूबाजूच्या माणसांचा. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला, ते रॉयल वाइल्डर हे मिशनरी आपल्या कोल्हापुरातच दीर्घकाळ राहून गेले होते. तो पत्रव्यवहार त्यांनी अमेरिकेत आपल्या नियतकालिकात छापला आणि तो वाचून थिओडिशिया कार्पेंटर यांनी आनंदीबाईंना पहिले पत्र धाडले. महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉड्ली यांनी पुढे पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. वाइल्डर, कार्पेंटर, बॉड्ली ही नावे तेथल्या कारकुनांच्या ओळखीची होती, त्यामुळे ती बहुतेक ठिकाणी एकाच स्पेलिंगने सापडतात, आणि त्यांच्या पाठोपाठ आनंदीबाई सापडतात. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे विनामूल्य खुली केली आहेत. तेथे शोधताना 'हिंदू' हा शब्दसुद्धा त्या काळच्या रीतीने, म्हणजे शेवटी दोन 'ओ' देऊन लिहावा. आनंदीबाईंच्या प्रबंधाच्या शीर्षकातही तो तसाच आहे.

एक सावधगिरी छायाचित्राबद्दल. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली या तिघींचे आपापल्या देशांच्या वेशातील छायाचित्र सर्वत्र फिरते, आणि त्याखाली 'एकाच वर्षी पदवीधर झालेल्या तिघी' अशा मजकुराची भर पडलेली असते. मूळ छायाचित्र १० ऑक्टोबर १८८५ चे आहे. ओकामी १८८९ साली पदवीधर झाल्या आणि इस्लामबूली १८९० साली. छायाचित्र घ्यायचे असेल तर ज्या संग्रहात मूळ प्रत आहे तेथूनच, तेथील नोंदीसह घ्यावे.

प्रश्न (एक संशोधक विद्यार्थी, मुंबई) : एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या शिक्षणसंस्थांवर काम करतो. इंटरनेट अर्काइव्हवर 'जांभेकर', 'लाड' आणि 'मुरकुटे' या आडनावांनी जुनी इंग्रजी पुस्तके शोधली, परंतु उपयोगाचे काही मिळाले नाही. इतकी मोठी माणसे इंग्रजी कागदांत नसावीत, हे पटत नाही.

उत्तर : ती आहेत, आडनावाने मात्र नाहीत. तुम्ही शोधलेली तिन्ही आडनावे त्या काळच्या इंग्रजी दप्तरात क्वचितच येतात. बाळशास्त्री जांभेकर तेथे 'बाळ गंगाधर शास्त्री' आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे खरे नाव रामचंद्र विठ्ठल. ते इंग्रजी कागदांत नुसते 'भाऊ दाजी' म्हणून वावरतात. जगन्नाथ शंकरशेट यांचे मुरकुटे हे आडनाव तर मराठी कागदांतही फारसे दिसत नाही. इंग्रज कारकुनाला आडनाव म्हणजे नावातला शेवटचा शब्द, म्हणून 'शास्त्री' हे आडनाव झाले आणि 'शंकरशेट' हे वडिलांचे नाव घराण्याचे नाव होऊन बसले.

त्यावर स्पेलिंगचा दुसरा थर आहे. १८७० नंतरच्या दशकात भारतीय नावे रोमन अक्षरांत लिहिण्याची हंटर यांची लिप्यंतरपद्धती सरकारी कारभारात रुजेपर्यंत साहेबाच्या कानाला जसे ऐकू येई तसे लिहिले जाई. आपला ऱ्हस्व 'अ' तेव्हा 'यू' या अक्षराने, दीर्घ 'ई' दोन 'ई'नी आणि 'ऊ' दोन 'ओ'नी दाखवत. त्यामुळे गंगाधरचा 'गुंगाधुर' झाला, जगन्नाथचा 'जुगोनाथ' आणि शंकरशेटचा 'सुंकरसेट'. गावांचेही तेच : पूना, टाना, शोलापूर, रत्नागिरीचे 'रुटनागेरी'. एक वही करावी, तीत प्रत्येक व्यक्तीची आणि गावाची जितकी रूपे भेटतील तितकी पुस्तक व वर्ष यांसह लिहून ठेवावीत, आणि पुढचा प्रत्येक शोध त्या वहीतून घ्यावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण याला पर्याय नाही. ज्या डेटाबेसमध्ये तारका टाकून शब्दाचा उरलेला भाग मोकळा सोडता येतो, तेथे नावाची पहिली चार-पाच अक्षरे देऊन तारका टाकावी.

इंटरनेट अर्काइव्हबद्दल एक तांत्रिक गोष्ट. तेथील शोध आपोआप केवळ पुस्तकाचे नाव, लेखक आणि वर्णन यांतच होतो. पुस्तकांच्या आतील मजकूर शोधायचा असेल, तर तसा पर्याय वेगळा निवडावा लागतो. पुष्कळ जण तो निवडत नाहीत आणि 'काही नाही' म्हणून परत फिरतात. हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयात अमेरिकेबाहेरच्या वाचकाला काही पुस्तके बंद दिसतात, तरीही आपला शब्द कोणत्या पानांवर आहे हे तेथे कळते. पान क्रमांक टिपून घ्यावा आणि ते पुस्तक मुंबईतील एखाद्या जुन्या ग्रंथालयात काढून पाहावे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पायरी लागते. पतीकडे नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंचे नाव इंग्रजी कागदांत 'रुखमाबाई' असे आहे, आणि त्यांच्यावरील खटला कायद्याच्या अहवालांत 'दादाजी भिकाजी विरुद्ध रुखमाबाई' या शीर्षकाखाली, म्हणजे वादी असलेल्या पतीच्या नावाने सुरू होतो. १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त आलेली त्यांची पत्रे तर 'एक हिंदू स्त्री' एवढ्याच सहीने छापली गेली. ज्या बाईने स्वतःच्या नावासाठी आणि स्वातंत्र्यासाठी एवढे सोसले, ती दप्तरात मात्र दुसऱ्याच्या नावाआड सापडते. म्हणून स्त्रियांचा शोध घेताना वडील, पती, प्रतिवादी, टोपणनाव या सगळ्या वाटा तपासाव्यात.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा) : माझ्या आजोबांचे थोरले बंधू मराठा पलटणीतून पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' गेले, ते परत आले नाहीत. घरात इंग्रजीत त्यांचे नाव असलेली एक गोल पितळी थाळी आहे. इतिहासात नाव नसलेल्या अशा माणसाचा शोध डेटाबेसमधून लागू शकतो का?

उत्तर : लागू शकतो, आणि आपण तो अवश्य घ्यावा. आपल्या घरातील थाळी बहुधा युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या वारसाला दिलेले कांस्य स्मृतिचिन्ह असावे. त्यावर ब्रिटानिया आणि सिंह यांची आकृती असते आणि चौकटीत मृताचे नाव असते. त्यावर हुद्दा नसतो आणि पलटणही नसते. परंतु नावाचे जे स्पेलिंग सरकारने वापरले, ते आपल्या हाती आयते आहे. ज्यांच्या घरी अशी वस्तू नसते, त्यांना हाच पहिला धागा मिळवण्यासाठी फार खटपट करावी लागते. ती थाळी घासून चकाकवू नये, अक्षरे झिजतात.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांचा डेटाबेस विनामूल्य शोधता येतो. तेथे प्रथम थाळीवरचे नाव तसेच्या तसे घालावे. सापडले नाही, तर नाव काढून टाकावे आणि पलटण, वर्ष व स्मारक या तिघांवरून यादी मिळवावी. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी लढल्या. त्यांतील १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करल्यावर त्यांतील लोक तुर्कांच्या कैदेत गेले. आपल्या घरी 'वेढा', 'उपासमार', 'घोड्याचे मांस' अशा आठवणी सांगितल्या जात असतील, तर त्या तीन पलटणींपासून सुरुवात करावी. एकेका पलटणीची यादी सावकाश डोळ्यांखालून घालावी. कित्येक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिलेला असतो, आणि मुलाचे नाव ओळखू येत नसले तरी गावावरून ओळख पटते. गावाचे स्पेलिंगही कारकुनाच्या कानाचेच असणार, हे लक्षात ठेवून ते मोठ्याने वाचून पाहावे. डोळ्यांना अनोळखी वाटणारे शब्द कानाला ओळखीचे लागतात.

बसऱ्याच्या स्मारकाचे छायाचित्र पाहून आपण निराश होऊ नये. त्या भिंतीवर हिंदी शिपायांची नावे कोरलेली नव्हती. पलटणीच्या नावाखाली केवळ त्यांची संख्या घातली होती. शिळेवर ज्याला नाव मिळाले नाही, त्याचे नाव यादीत मात्र असू शकते.

ज्यांचे पूर्वज लढून परत आले, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की १९२२ साली या पलटणींची पुनर्रचना होऊन त्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. ११७ वी पलटण तिची पाचवी बटालियन झाली, ११० वी तिसरी झाली. सेवेच्या मधोमध क्रमांक बदलल्याने एकच माणूस दोन वाटू शकतो. शौर्यपदके आणि बढत्या 'लंडन गॅझेट'च्या विनामूल्य डेटाबेसमध्ये सापडतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे यांचे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानपत्रही तेथे आहे, नाव मात्र 'येशवंत' असे शोधावे लागते. आणि आपल्या गावच्या चावडीत किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत, या गावातून इतके लोक महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, असे सांगणारी संगमरवरी पाटी आहे का, तेही पाहावे. ती संख्या आणि आपल्या यादीतील त्या गावची नावे ताडून पाहिली, तर आपल्या आजोबांच्या बंधूंबरोबर आणखी कोणाची घरे रिकामी झाली हेही कळेल.

प्रश्न (एक वाचक, नागपूर) : स्वातंत्र्यलढ्यातील आमच्या भागातील एका कार्यकर्त्याची माहिती राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोधली. त्यांना शिक्षा झाली होती हे नक्की, पण नावाने एकही फाइल दिसत नाही.

उत्तर : आपण नावाने शोधता आहात; सरकार त्यांना नावाने ओळखत नव्हते. फाइलीचे शीर्षक लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला ती व्यक्ती म्हणजे एक आक्षेपार्ह भाषण, एक जप्त पुस्तिका किंवा शिक्षेत सूट मागणारा एक अर्ज होती. डेटाबेस बहुतांशी त्या शीर्षकांचाच आहे. फाइलीतील पाने त्यात शब्दशः उतरवलेली नाहीत. म्हणून जिल्हा, साल, कायद्याचे कलम आणि कृती यांवरून शोध घ्यावा : मध्य प्रांत, राजद्रोही भाषण, अमुक वर्ष. इंग्रजीत 'सेडिशस', 'ऑब्जेक्शनेबल', 'प्रोस्क्राइब्ड' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, तेही वापरून पाहावेत. नोंदणी करून प्रवेश घेतला की स्कॅन झालेल्या फाइली उघडता येतात.

गृहखात्याच्या राजकीय शाखेचे कागद 'ए', 'बी' आणि 'डिपॉझिट' अशा वर्गांत विभागलेले असत. महत्त्वाचे ते 'ए'मध्ये जात. स्थानिक कार्यकर्त्यांविषयीचा मजकूर पुष्कळदा 'बी' आणि 'डिपॉझिट'मध्ये आढळतो, त्यामुळे 'ए' पाहून थांबू नये. फाइलीला जोडलेली 'कीप-विथ' नावाची टिपणे असतील, तर ती सर्वांत आधी वाचावीत. अधिकाऱ्यांनी आपसांत काय म्हटले ते त्यांत असते. मात्र ही भाषा पोलिसांची आहे. तीत एखाद्याला 'चिथावणीखोर' म्हटले असेल, तर ती सरकारच्या भीतीची नोंद समजावी, आणि तो शब्द लेखात जसाच्या तसा घेताना कोणाचा आहे ते लिहावे.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : स्कॅन केलेल्या जुन्या मराठी वृत्तपत्रांत शब्द टाकून शोध का लागत नाही?

उत्तर : शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखननियमांपूर्वी 'नांव', 'केलें', 'नाहीं', 'पुण्यांत' असे अनुस्वार देत, आजच्या रूपाने शोधल्यास यंत्र ते शब्द ओलांडून जाते. त्यातून जुना खिळाछाप पुसट असतो आणि अनुस्वार, रफार, जोडाक्षरे यंत्राला नीट वाचता येत नाहीत. यावर उपाय असा की मराठी अंकात शोधण्याआधी तारीख मिळवावी. मुंबई सरकार मराठी, गुजराती वगैरे पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' या नावाने दर आठवड्याला छापत असे. त्यात पत्राचे नाव आणि तारीख असते. ती हाती आली, की 'केसरी' असो वा 'इंदुप्रकाश', त्या तारखेचा अंक उघडून पाने डोळ्यांनी वाचावीत.

प्रश्न (मोडी शिकणारी एक विद्यार्थिनी, पुणे) : मोडी पत्रांत 'इहिदे सितैन मया व अलफ' असे वर्ष येते. ते इंग्रजी डेटाबेसच्या तारखांशी कसे जुळवावे? आणि मोडी कागदांत संगणकावर शब्दशोध करता येईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मोडी कागदांच्या जेथे प्रतिमा मिळतात, तेथेही बहुतेक वेळा शोध सूचीपुरताच चालतो. अक्षरे वाचण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. पेशवे दप्तरातून निवडलेले कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या वर्षांत पंचेचाळीस खंडांत देवनागरीत छापले गेले, आणि ते स्कॅन स्वरूपात मिळतात. आपल्या व्यक्तीचा शोध त्या खंडांपासून सुरू करावा, आणि मगच पुण्याच्या पुरालेखागारात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मागवावेत.

आता वर्ष. ही सुहूर सनाची अरबी संख्यानामे आहेत आणि ती एककापासून वाचायची असतात : इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज ११६१. सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते, म्हणून त्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवावे आणि जानेवारीपासून पुढचा मृग लागेपर्यंत ६०० मिळवावे. तेव्हा आपल्या पत्राचे वर्ष १७६०-६१, म्हणजे पानिपतचे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, ती याच सुहूर वर्षात येते. शक वर्षालाही हाच प्रकार आहे. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ होते. एरवी शकात ७८ मिळवतो, पण पौषाचे हे दिवस जानेवारीत आल्यामुळे येथे ७९ मिळवावे लागतात. एवढ्याशा फरकाने मृत्यूनंतरची पत्रे मृत्यूपूर्वीची ठरतात आणि एखाद्या माणसाच्या आयुष्याचा क्रमच उलटा होतो. तेव्हा प्रत्येक तारीख महिन्यासह तपासल्याशिवाय टिपणवहीत उतरवू नये.

इंग्रजी तारखाही सरळ नसतात. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना चालवली, आणि त्यांचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या लुटीसंबंधीची त्यांची पत्रे १६६३ सालाखाली सापडतात. पोर्तुगीज मात्र १५८२ पासून नवी, ग्रेगोरियन कालगणना पाळत होते, त्यामुळे सतराव्या शतकातील गोव्याच्या कागदांत त्याच दिवसाची तारीख दहा दिवसांनी पुढे असते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. रायगडावर तेव्हा हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील हजर होता, आणि आपण पाळतो ती ६ जून ही तारीख जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेने ती १६ जून होते. दोन देशांच्या डेटाबेसमध्ये एकच घटना दोन तारखांना दिसली, तर कोणी खोटे लिहिले आहे असे समजण्यापूर्वी हे दहा दिवस वजा करून पाहावेत.

प्रश्न (एक पालक, अहिल्यानगर) : मुलीने प्रकल्पासाठी इंटरनेटवरील जुनी इंग्रजी पुस्तके वाचली. त्यांत शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा दिला आहे. शाळेत १६३० शिकवतात. इतकी पुस्तके एकच वर्ष देत असताना ते चूक कसे मानायचे?

उत्तर : मुलीने मूळ पुस्तके उघडून पाहिली याबद्दल तिचे मनापासून कौतुक. तिच्या शंकेचे कारण विनामूल्य डेटाबेसच्या स्वभावात आहे. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकेच तेथे मोकळी मिळतात, म्हणून तेथे जुनी पुस्तके जास्त आणि नवे संशोधन कमी असते. ग्रँट डफ यांच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात १६२७ हे वर्ष आहे, आणि त्यानंतरच्या कित्येक लेखकांनी ते तेथूनच घेतले. दहा पुस्तकांत तेच वर्ष असले, तरी नऊ जणांनी पहिल्याचे पाहून लिहिले असेल तर पुरावा एकच होतो.

लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. त्या शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद आहे. तिचे इंग्रजी रूप १९ फेब्रुवारी १६३०. जेधे घराण्याची ही टिपणे घटनांच्या अधिक जवळची आहेत, आणि महाराजांच्या काळात रचलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही तीच तिथी आहे. पुढे जोधपूरकडे सापडलेली कुंडलीही तिच्याशी जुळली. एकमेकांचे पाहून न लिहिलेले, वेगवेगळ्या ठिकाणचे हे पुरावे आहेत, म्हणून त्यांचे वजन शंभर जुन्या पुस्तकांहून अधिक. महाराष्ट्र शासनाने हीच तारीख स्वीकारली आहे. मुलीला सांगावे की १६२७ हे वर्ष प्रकल्पातून खोडून टाकू नये. ते कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर, कोणत्या आवृत्तीत वाचले, ते लिहून त्याच्या शेजारी शकावलीची तिथी द्यावी, आणि दोन्ही नोंदी कोणत्या संकेतस्थळावर कोणत्या दिवशी पाहिल्या तेही नमूद करावे, कारण पत्ते बदलतात आणि पुढच्या वर्षी तेच पान तेथे मिळेल याची खात्री नसते.